केत्तीच्या खोऱ्यातला चहा डिसेंबरात का थांबतो, आणि तेव्हा काय करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून येऊन तुम्ही निलगिरीत, केत्तीच्या खोऱ्यात, दोन एकरांचा जुना चहाचा मळा घेतलात. ऑक्टोबरपर्यंत पाला बरा निघत होता. डिसेंबर लागल्यापासून खुडणीला जेमतेम निम्मा मिळतोय. त्यात जानेवारीच्या सुरुवातीला उताराच्या तळाकडच्या काही ओळी एका सकाळीत करपल्या. शेजारी म्हणतात थांबा, खतवाले म्हणतात युरिया द्या, आणि आसामच्या मळ्यांचा एक व्हिडिओ पाहून तुम्हाला वाटतंय की छाटणीची वेळ हीच. झुडपं मरतायत का आणि यातलं नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून झुडपं मरत नाहीयेत. युरिया आत्ता देऊ नका आणि छाटणी तर अजिबात करू नका. शेजाऱ्यांचं बरोबर आहे. पण नुसतं "थांबा" म्हणून भागत नाही, कारण पुढच्या हिवाळ्यात परिस्थिती थोडी वेगळी असेल आणि तेव्हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे. मी आधी आसामात आणि नंतर निलगिरीत चहाच्या मळ्यांवर काम केलं, आता छोट्या शेतकऱ्यांना सल्ला देतो. हा गोंधळ मला दर जानेवारीत भेटतो, म्हणून कारणांसकट लिहितो.

तुमच्या मळ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत. सगळ्या दोन एकरांवर वाढ मंदावली, ही एक. तळाच्या ओळी दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने (फ्रॉस्ट), भाजल्या, ही दुसरी. दोन्ही थंडीतच होतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पहिलीला काही करायचं नसतं. दुसरीसाठी जे करायचं ते बहुतेक सगळं थंडी येण्याआधी करायचं असतं.

आधी मंदावलेली वाढ. चहाच्या कोंबाची वाढ साधारण १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास थांबते, आणि १८ ते ३० अंशांच्या पट्ट्यात ती चांगली चालते. त्यामुळे हिशेब शून्यापासून नाही, साडेबारापासून करायचा. दिवस-रात्रीची सरासरी २० अंश असेल तर झुडपाच्या कामी आले साडेसात अंश. सरासरी १६ वर आली की कामी येतात फक्त साडेतीन. म्हणजे पारा चार अंशांनीच उतरला, पण कोंबाचा वेग निम्म्याहून खाली गेला. तुमचा "निम्मा पाला" इथून आला आहे. उंची वाढते तसं तापमान दर शंभर मीटरला साधारण ०.६ अंशाने उतरतं, त्यामुळे कुन्नूरच्या खालच्या अंगाला असलेल्या मळ्याशी स्वतःची तुलना करून जीव थोडा करू नका. पाच-सहाशे मीटरच्या फरकात तीन-साडेतीन अंश जातात, आणि हिवाळ्यात तेवढ्यानेच सगळा फरक पडतो.

आता एखादं झुडूप जवळ जाऊन बघा. खुडणीच्या पातळीवरचा एक कोंब हातात घ्या. वाढता कोंब असेल तर टोकाला लांबट, टोकदार, कोवळी कळी दिसेल, आणि तिच्या खालची दोन पानं इतकी मऊ असतील की बोटांत दुमडली तरी मोडणार नाहीत. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच कोंबांवर अशी कळी सापडत नाही. शेवटचं पान पूर्ण उघडलेलं, कडक, दुमडलं तर कट्कन मोडणारं. आणि त्याच्या देठाच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढी घट्ट मिटलेली कळी. ही बांझी. आसामपासून निलगिरीपर्यंत मळ्यावरचे सगळे हाच शब्द वापरतात. बांझी हा रोग नाही. चहाचा कोंब काही पानं काढून विश्रांती घेतो आणि मग पुन्हा चालू लागतो. वर्षभर हे चक्र सुरूच असतं. थंडीत ही विश्रांती लांबते आणि पुष्कळ कोंब एकदमच विश्रांतीत जातात, म्हणून ती डोळ्यांत भरते. नोव्हेंबर-डिसेंबरात झुडपावर पिवळ्या केसरांची पांढरी फुलं दिसली असतील, तीही याच काळातली.

हवा कोरडी पडली की वाढ आणखी मागे जाते. तापमान पुरेसं असलं तरी दुपारची हवा फार शोषक असेल तर कोंब लांबत नाही, जमिनीत ओल असली तरीही. ईशान्य मोसमी पाऊस संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत निलगिरीत अशाच दुपारी असतात. म्हणजे रात्री थंडीने आणि दुपारी कोरडेपणाने, दोन्हीकडून वाढ अडते. मार्चमध्ये ऊन तापू लागल्यावरही पाला लगेच का वाढत नाही याचंही उत्तर हेच आहे. पहिले वळीव पडेपर्यंत धीर धरावा लागतो.

आता त्या आसामच्या व्हिडिओबद्दल, कारण खरं नुकसान तिथून होऊ शकतं.

आसामात डिसेंबर-जानेवारीत छाटणी करतात हे अगदी खरं आहे आणि तिथे ते योग्यच आहे. पण तिथली झुडपं निव्वळ थंडीने झोपत नाहीत, दिवस लहान झाल्यामुळे झोपतात. दिवस सव्वाअकरा तासांहून लहान झाला आणि ते सहाएक आठवडे टिकलं की चहाचं झुडूप खऱ्या अर्थाने सुप्तावस्थेत जातं. जोरहाटला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस साडेदहा तासांच्या आसपास असतो. तुमच्याकडे, ११ अंश अक्षांशावर, तो साडेअकराच्या खाली फारसा उतरत नाही. म्हणून आसाम, डुआर्स, दार्जिलिंग, कांगडा इथे हिवाळ्यात खुडणी अक्षरशः बंद होते, आणि निलगिरीत ती बारा महिने चालते, फक्त मंद होते. उत्तर भारतासाठी तर अलीकडे चहा मंडळच हंगाम बंद करण्याची तारीख जाहीर करतं. दक्षिणेत त्याची गरज पडत नाही.

तिथल्या सुप्तावस्थेत मुळांमध्ये पिष्टमय पदार्थाचा साठा भरपूर असतो. छाटलेल्या झुडपावर एकही पान उरत नाही, तेव्हा नवी फूट याच साठ्यावर येते. आम्ही छाटणीआधी पेन्सिलीच्या जाडीची मुळं काढून त्यांचा आडवा काप आयोडिनात बुडवायचो. काप गडद निळा-काळा झाला तर साठा भरपूर, फिका पिवळट राहिला तर त्या प्लॉटला हात लावायचा नाही. ही परीक्षा कुठल्याही मळ्यावर करता येते आणि तुम्हीही छाटणीआधी जरूर करा. पण तुमच्याकडे प्रश्न एकट्या साठ्याचा नाही. आसामच्या सपाटीवर छाटल्यानंतर झुडूप महिना-दोन महिने निवांत राहतं आणि ऊब आली की फुटतं. केत्तीत दिवस पुरेसा मोठा असल्याने चार ऊबदार दुपारी मिळाल्या की छाटलेलं झुडूप फुटायला लागेल, आणि ती कोवळी फूट फेब्रुवारीच्या एखाद्या पहाटे दहिवरात सापडेल. वापरून झालेला साठा मग परत येत नाही, आणि झुडूप मरण्याची शक्यता तिथे खरोखर निर्माण होते. शिवाय उघडी पडलेली खोडं हिवाळ्याच्या कोरड्या उन्हात भाजतात, साल तडकते आणि तिथून लाकूड कुजायला सुरुवात होते. निलगिरीत छाटणी साधारणपणे एप्रिल-मे किंवा ऑगस्ट-सप्टेंबरात करतात. तुमच्यासारख्या उंच आणि दहिवराच्या जागी मी एप्रिलच्या बाजूचा आहे. पावसाळ्यापूर्वीच्या सरींवर फूट येते आणि पुढची थंडी येईपर्यंत तिचं लाकूड पक्कं होतं.

आता तळाच्या ओळी.

तुमच्या खोऱ्यात दहिवर पडायला तीन गोष्टी लागतात: निरभ्र आकाश, थांबलेला वारा आणि कोरडी हवा. ढग असले की जमिनीची उष्णता ते काही अंशी परत पाठवतात; आकाश मोकळं असलं की ती सरळ निघून जाते. पानं आसपासच्या हवेपेक्षाही लवकर थंड होतात. त्यांना लागून थंड झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत तळाला साचते. म्हणून वरच्या ओळी हिरव्यागार आणि खालच्या करपलेल्या, असं चित्र दिसतं. तुम्ही करपलेल्या भागाची वरची सीमा नीट बघितलीत तर ती बहुधा एका पातळीत, समतल रेषेत जाताना दिसेल. कीड किंवा रोग असा पातळी धरून कधी पसरत नाही.

मोबाइलवर त्या रात्रीचं किमान तापमान चार अंश दाखवत होतं, मग दहिवर कसं पडलं, असंही तुम्ही लिहिलंय. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो हिवाळ्यात पेपरात येतात, तेव्हाही हवामान केंद्राचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. केंद्रावरचा तापमापक माणसाच्या छातीच्या उंचीवर, पेटीत, सहसा उंच जागी असतो. तळातल्या उघड्या पानाचं तापमान त्याहून तीन-चार अंशांनी सहज कमी भरतं. दोनतीनशे रुपयांचा किमान-कमाल तापमापक आणा आणि तळाच्या ओळीत खुडणीच्या पातळीवर टांगा. तुमच्या मळ्यासाठी तोच आकडा खरा.

पानात काय घडतं तेही बघू. पाणी आधी पेशींच्या मधल्या जागेत गोठतं. तो बर्फ पेशींमधलं पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसतात, त्यांची आवरणं फाटतात. सूर्य वर येऊन बर्फ झपाट्याने वितळला की हानी आणखी वाढते, म्हणून पहाटेचं ऊन सरळ ज्या अंगावर येतं तिकडचं झुडूप जास्त भाजलेलं दिसतं. सकाळी पान गडद, उकडून काढल्यासारखं पाणचट दिसतं. दुपारपर्यंत तांबूस, आणि दोन दिवसांत कुरकुरीत तपकिरी. हे सगळं झुडपाच्या माथ्यावर होतं. आतली, खालची पानं बहुधा हिरवी असतात. एक गल्लत इथे टाळा. पानावरचा तांबूसपणा हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत, मधल्या शिरेच्या आजूबाजूने वाढत गेला असेल आणि रस्त्याकडेच्या धुळीच्या ओळींत जास्त असेल, तर तो लाल कोळी आहे. कोरड्या हवेत तोही याच सुमारास डोकं वर काढतो. भिंग घेऊन पानाचा वरचा पृष्ठभाग पाहिला की फरक कळतो.

मग आत्ता करायचं काय? करपलेली पानं तशीच राहू द्या. दिसायला वाईट दिसतात, पण पुढच्या दहिवराच्या रात्री खालच्या जिवंत डोळ्यांवर त्यांचंच पांघरूण असतं. फेब्रुवारीअखेर, दहिवराची भीती गेल्यावर, चाकूच्या टोकाने फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवं-ओलं दिसलं तर फांदी जिवंत. मग करपलेला माथा तेवढा वरवर उतरवून घ्या, त्याखाली जाऊ नका. जुनी, खोल मुळांची झुडपं अशा भाजण्यातून बहुतेक सगळी बाहेर येतात. त्या ओळींचं एक-दोन खुडण्यांचं उत्पन्न बुडतं, एवढंच. लावून दोन-तीन वर्षं झालेल्या रोपांबाबत मात्र मी इतका निर्धास्त राहणार नाही. तुमच्याकडे रिकाम्या जागा भरलेली तरुण रोपं तळात असतील तर त्यांची साल आधी तपासा.

युरियाबद्दल थोडक्यात. थंड आणि कोरड्या जमिनीत मुळं ते फारसं उचलत नाहीत, आणि जे उचलतील त्याने मऊ, रसाळ फूट येईल, जी दहिवरात सर्वांत आधी जाते. नत्राचा हप्ता एप्रिलच्या सरींनंतर. थंडीआधी झुडूप कणखर करायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, जमिनीत ओल असताना, पालाश कमी पडू देऊ नका. त्या हप्त्यात नत्राचा हात आखडता ठेवा. प्रमाण माती परीक्षणावर ठरवा. मी इथून आकडा देणं बरोबर नाही.

खुडणी बंद करू नका, पण तिची चाल बदला. हंगामात दहा-बारा दिवसांनी फिरत असाल तर आता तीन आठवडेही लागू शकतात. कोंब कसा आहे ते पाहून ठरवा, कॅलेंडर पाहून नाही. मंद महिन्यांत कोंबाच्या बुडाशी एक पूर्ण पान ठेवून खुडतात, मळ्यावर त्याला मदर लीफ ठेवणं म्हणतात. झुडपाला अन्न करायला पानं उरतात आणि मार्च-एप्रिलचा उठाव जोरदार होतो. बांझी कोंब मात्र खुडून काढून टाका. ते टोकाला बसून राहिले तर बगलेतले डोळे उशिरा फुटतात.

पुढच्या वर्षासाठी सर्वांत मोठं काम कुदळीचं आहे, फवारणीचं नाही. तळाच्या कडेला दाट कुंपण, झुडपांची रांग किंवा बांध आहे का बघा. असेल तर गार हवा तिथे अडते आणि तुमच्या मळ्यात साचते. त्यात दोन-तीन ठिकाणी मोकळ्या वाटा पाडा, म्हणजे ती खाली ओढ्याकडे निघून जाईल. वरच्या बाजूला उलट करायचं: तिथे दाट पट्टा असला तर वरून येणारी हवा तो वळवतो. सिल्व्हर ओकची सावली थंडीच्या तोंडावर तोडू नका. विरळ का होईना, डोक्यावर छत्र असलं की पानांची उष्णता कमी निसटते. तरुण रोपांवर संध्याकाळी सुकं गवत किंवा नेचाचे झुपके टाकतात, ही इथली जुनी आणि चांगली पद्धत आहे. प्लास्टिक पानाला टेकेल असं पसरू नका, टेकलेलं पान आधी भाजतं.

नाशिक-निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी देतात, तसं करावं का? पाण्याबद्दल हो. दिवसा ओली जमीन जास्त उष्णता साठवते आणि रात्री सोडते, म्हणून निरभ्र संध्याकाळ दिसली की आदल्या दिवशीच पाणी द्या. तुषार सिंचन पहाटे चालवणार असाल तर बर्फ पूर्ण वितळेपर्यंत ते थांबवायचं नाही. मध्येच वीज गेली तर ओल्या पानांवरून बाष्पीभवन होऊन ती आणखी गार होतात. तुमच्या भागातली वीज बेभरवशाची असेल तर हा मार्ग नको. शेकोट्यांना माझा विरोध आहे. जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं आणि तुमचा मळा जंगलाला लागून आहे. जपानमधल्या शिझुओकासारख्या चहाच्या प्रदेशात खांबांवर पंखे बसवलेले असतात. जमिनीपासून काही मीटर वर असलेली तुलनेने ऊबदार हवा ते खाली ढकलतात. तिथे त्यांचा मुख्य उपयोग वसंतात, कोवळा पहिला पाला वर आलेला असताना उशिरा पडणाऱ्या दहिवरासाठी होतो. दोन एकरांना तो खर्च परवडणार नाही. सगळं करूनही तळाच्या दोन ओळी दरवर्षी करपतच असतील, तर त्या काढून तिथे गवत ठेवा. त्या जागेत चहा धरून ठेवण्याचा हट्ट मी करणार नाही.

झुडूप कोणत्या जातीचं आहे यावरही बरंच अवलंबून आहे. लहान, जाड, उभी पानं असलेली चिनी वळणाची झुडपं थंडी चांगली सोसतात; दार्जिलिंग आणि कांगडा टिकले ते त्यांच्याच जोरावर. मोठ्या, फिकट, लोंबत्या पानांची आसामी जात पाला जास्त देते पण दहिवरात आधी झुकते. जुन्या निलगिरी मळ्यांत बियांपासून वाढलेली मिश्र झुडपं असतात, त्यामुळे एकाच ओळीत एक झुडूप काळं पडलेलं आणि शेजारचं जवळजवळ साबूत असं दिसतं. जी साबूत राहिली त्यांना आत्ताच रंगाची खूण करून ठेवा. तळातल्या रिकाम्या जागा भरायला कलमं त्यांचीच घ्या.

आणि थंडीचा जो फायदा आहे तो पदरात पाडून घ्या. कोंब हळू वाढतो तेव्हा त्यात सुगंधी द्रव्यं आणि अमिनो आम्लं दाट होतात. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराला (फर्स्ट फ्लश, म्हणजे हिवाळ्यानंतरच्या पहिल्या खुडणीच्या चहाला) जो मान आहे त्यामागे हिवाळाभर साठवलेलं सत्त्व आणि मार्चच्या थंड रात्रीच आहेत. निलगिरीचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा चहाही याच कारणाने वर्षातला सर्वांत सुवासिक असतो, आणि "फ्रॉस्ट टी" या नावाने चांगल्या भावाला जातो. तो थंड रात्रींत वाढलेल्या निरोगी कोवळ्या कोंबांचा असतो, दहिवराने भाजलेल्या पाल्याचा नाही. भाजलेला पाला एक टोपली जरी मिसळला तरी सगळ्या घाण्याला करपट वास लागतो. कारखान्यात सरसकट एका भावाने पाला देत असाल तर या दर्जाचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. आसपास हाताने चहा बनवणारे छोटे उत्पादक असतील तर वरच्या ओळींतला दोन पानं-एक कळीचा निवडक पाला त्यांना दाखवून बघा.

तापमापक लावलात की तळातलं आणि माथ्यावरचं, दोन्हीकडचं किमान तापमान फेब्रुवारीअखेरपर्यंत रोज सकाळी लिहून ठेवा, आणि त्या रात्री ढग होते की नव्हते तेही. दोन्ही जागांमधला फरक मोठा निघाला, तर कुंपणाच्या वाटा पावसाळ्याआधीच पाडून घ्या. फरक किरकोळ असेल तर अडचण हवा साचण्याची नाही, मळ्याच्या उंचीची आहे. मग कुंपणावर खर्च न करता तोच पैसा छायेच्या झाडांकडे वळवा.